नाकावरचा त्वचेचा कॅन्सर काढल्यावर नाक परत बनवताना: कुठल्या पायरीला काय करायचं आणि लोक नेमके कुठे चुकतात

मध्यंतरी आमच्या ड्रेसिंग रूममध्ये एक आजोबा आले, ऑपरेशन होऊन सोळावा दिवस. कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत कातडीचा पूल जोडलेला होता आणि आल्या आल्या म्हणाले, सिस्टर, रविवारी पुतणीचं लग्न आहे, ही सोंड तेवढी कापून द्या, बाकी नाक तर छान बसलंय. मी त्यांना खुर्चीत बसवून आरसा हातात दिला आणि सांगितलं, आजोबा, तुमचं नवीन नाक अजून या सोंडेतूनच जेवतंय, आज कापली तर रविवारपर्यंत शेंडा काळा पडायला लागेल. ते थांबले, लग्नाला रुमाल लावून गेले, नाक शाबूत आहे.

सगळेच थांबत नाहीत. मी प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात काम करते आणि त्याच त्याच चुका परत परत बघते. ऑपरेशन चांगलं झालेलं असतं आणि गडबड होते ती आधीच्या तयारीत नाहीतर घरी गेल्यावर. म्हणून क्रमाने लिहिते. जास्त भर कपाळाच्या फ्लॅपवर (म्हणजे कपाळाची कातडी पूर्ण न तोडता, तिच्या रक्तवाहिनीसकट नाकावर वळवतात त्यावर) देणार आहे, कारण घरच्यांची सगळ्यात जास्त तारांबळ त्यात उडते.

१. आधी बायोप्सीचा कागद हातात, मग बाकीचं

आपल्या सावळ्या, गव्हाळ रंगाच्या कातडीत बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) बरेचदा काळाच दिसतो, त्यामुळे घरात त्याला तीळ नाहीतर चामखीळ म्हणतात आणि वर्ष-दोन वर्षं तसंच जातं. कडा चकचकीत आणि उचललेली, टॉवेलने तोंड पुसलं की रक्ताचा ठिपका, खपली धरते, पडते, परत धरते, असं महिना दीड महिना चाललं असेल तर मलम बदलत बसू नका, सरळ बायोप्सी करा, म्हणजे छोटा तुकडा काढून लॅबमध्ये तपासून घ्या. दोरा बांधणं, क्षार लावणं, कुठेतरी जाळून घेणं यातलं काही करायचं नाही, वरची कातडी भरून येते आणि खालचं आत पसरत राहतं.

बायोप्सीच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, एक जवळून, एक पूर्ण चेहऱ्याचा आणि एक बाजूने. हे लोकांना फालतू वाटतं पण बायोप्सीची जखम लहान असते, दोन-तीन आठवड्यांत भरून येते आणि ऑपरेशनच्या दिवशी जागा नेमकी कुठली यावर घरच्यांचंच एकमत नसतं. फोटो असला की प्रश्न मिटतो.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी डॉक्टरांकडून समजून घ्या: बेसल सेल आहे की स्क्वॅमस सेल (त्वचेच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार), त्यातला प्रकार कुठला (गाठीसारखा एका जागी बसणारा की मुळं सोडत आत पसरणारा), आणि मज्जातंतूच्या (नर्व्हच्या) बाजूने पसरल्याचं काही लिहिलंय का. पुढे किती कापायचं, रेडिएशन लागेल का, सगळं यावर ठरतं.

तपासा: दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये जाणार असाल तर नुसता रिपोर्ट नको, लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (काचेवरचा नमुना आणि मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या. नाहीतर परत बायोप्सी, परत आठवडा.

२. कॅन्सर पूर्ण निघाल्याची खात्री

सगळ्यात मोठी घाई इथे होते. प्रत्येकाला नाक कधी बनेल हे हवं असतं, पण पहिला प्रश्न कडा साफ आहेत का, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर उरलेला नाही ना, हाच पाहिजे.

डॉक्टर डागाबरोबर आजूबाजूची चांगली दिसणारी कातडी पण काढतात. छोट्या, नीट दिसणाऱ्या बेसल सेलला साधारण ४ मिलिमीटर, स्क्वॅमस सेलला ४ ते ६ आणि धोक्याचा असेल तर आणखी. म्हणजे १ सेंटिमीटरचा डाग असेल तर खड्डा जवळजवळ २ सेंटिमीटरचा होतो, आणि नाकावर २ सेंटिमीटर म्हणजे खूप झालं. नातेवाईक ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) बाहेर फोटो बघून हादरतात, एवढंसं होतं आणि एवढं कापलं म्हणून. एवढंच कापावं लागतं, आधी मनाची तयारी ठेवा.

कडा तपासायचे रस्ते तीन. मोह्स पद्धतीत थर काढत काढत प्रत्येक थर लगेच मायक्रोस्कोपखाली बघतात, आपल्याकडे ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. दुसरा फ्रोझन सेक्शन, काढलेला तुकडा गोठवून तपासतात आणि ऑपरेशन चालू असतानाच पॅथॉलॉजिस्ट सांगतो. तिसरा म्हणजे काढायचं, जखमेवर ड्रेसिंग करून घरी सोडायचं आणि पक्का रिपोर्ट आठवडाभरात आला की मग नाक बनवायचं. या तिसऱ्याला लोक फार घाबरतात, उघडी जखम ठेवून घरी कसं पाठवता म्हणतात. अहो, नीट ड्रेसिंग असेल तर आठवडा दहा दिवसांनी काही बिघडत नाही. पण कडेला कॅन्सर राहिलाय आणि त्यावर जाडजूड फ्लॅप शिवून टाकला तर खाली परत उगवलेलं दिसतच नाही, आणि ते काढायला फ्लॅप उचलावा लागतो, म्हणजे कपाळाची एक बाजू वापरून संपली. कपाळाला बाजू दोनच.

थांबा: "कडा कशाने तपासणार आणि रिपोर्ट कधी येणार?" हे ऑपरेशनच्या आधीच विचारा. नाक त्याच दिवशी बनवणार असतील तर फ्रोझनची सोय आहे का तेही.

३. तयारी, खरी मेहनत इथे

तंबाखू. फ्लॅप मरण्याच्या कारणांमध्ये हे फार वरचं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅप जगतो तो या बारीक वाहिन्यांवरच. ऑपरेशनच्या किमान ४ आठवडे आधी आणि नंतर ४ आठवडे पूर्ण बंद. आता अडचण अशी की विचारलं तंबाखू खाता का, तर मावशी नाही म्हणतात, आणि पिशवीत मिश्रीची डबी असते. मिश्री म्हणजे तंबाखूच, तपकीर म्हणजे तंबाखूच, आणि तपकीर तर थेट नाकातच! गुटखा, विडी, सिगरेट सगळं त्यातच आलं, निकोटिनचं च्युइंगगम पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सुटत नसेल तर लपवू नका, खरं सांगा. डॉक्टर रागावतील फार तर, पण माहीत असेल तर एक टप्पा वाढवून जास्त सुरक्षित पद्धतीने करता येतं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यातलं काही चालू असेल तर सर्जन आणि हार्टचे डॉक्टर दोघांना सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट बसवलेल्या माणसाने शेजाऱ्याच्या सल्ल्याने गोळी बंद करायची म्हणजे नाकासाठी जीव धोक्यात घालायचा. लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या, काढे, चूर्णं यांची पण यादी द्या, त्यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो.

साखर. डायबेटीस असेल तर नुसती उपाशीपोटीची शुगर दाखवून चालत नाही, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी करून घ्या आणि जास्त असेल तर आधी फिजिशियनकडे जा.

कागदपत्रं. कॅशलेस करताना नाकाची प्लास्टिक सर्जरी एवढंच लिहून गेलं की क्लेम कॉस्मेटिक म्हणून अडकू शकतो. इन्शुरन्सच्या नियमात प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे खरी, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना त्याला अपवाद आहे. म्हणून डॉक्टरांच्या पत्रात "कॅन्सर काढल्यानंतरची नाकाची पुनर्रचना" असं स्पष्ट पाहिजे, बायोप्सी सोबत जोडलेली पाहिजे, आणि टप्पे दोन किंवा तीन आहेत हे पहिल्याच पत्रात आलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या टप्प्याला परत पहिल्यापासून. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो, रेशन कार्ड, आधार आणि रिपोर्ट घेऊन आधी त्याला भेटा, मंजुरी आल्यावर तारीख घ्या.

घरची तयारी. आदल्या रात्री डोक्यावरून आंघोळ करून केस स्वच्छ धुवा, मग काही दिवस जमणार नाही. पुढून बटणं असलेले शर्ट नाहीतर गाऊन काढून ठेवा, डोक्यातून घालायचं काही नको. आणि चष्मा! कपाळाचा पूल भुवईजवळून खाली येतो, चष्म्याचा नाकावर टेकणारा भाग नेमका तिथेच बसतो. आमच्याकडे एका काकांच्या मुलाने चष्म्याला दोरा बांधून तो टोपीला अडकवला, नाकाला अजिबात न टेकता, पेपर वाचत बसायचे मजेत. असं काहीतरी आधीच करून ठेवा.

४. कुठली पद्धत, हे समजून सही करा

नाकाला तीन थर असतात, बाहेरची कातडी, मधली कुर्ची (कानात असतं तसं लवचीक मऊ हाड) आणि आतलं अस्तर. त्यातलं काय काय गेलंय आणि प्रत्येकाच्या जागी काय येणार हे विचारा. नुसती वरून कातडी लावली आणि खाली कुर्चीचा आधार नसला तर नाकपुडी श्वास घेताना आत ओढली जाते, दिसायला बरी पण श्वासाला त्रास. कुर्ची बहुतेक वेळा कानाच्या खोलगट भागातून नाहीतर नाकाच्या मधल्या पडद्यातून घेतात, जास्त लागली तर बरगडीतून.

अगदी लहान जखम सरळ शिवतात, किंवा खोलगट जागी असेल तर आपोआप भरू देतात. उथळ असेल तर कानाच्या पुढची किंवा मागची कातडी ग्राफ्ट म्हणून, म्हणजे पूर्ण सुटी काढून, लावतात. दीड सेंटिमीटरपर्यंत शेजारचीच कातडी फिरवून आणता येते, नाकपुडीला गालाच्या घडीतून. त्याहून मोठं असेल, शेंड्यावर असेल, कुर्ची उघडी पडली असेल तर कपाळ.

ग्राफ्टवाल्यांना एकच सांगणं. वर बांधलेला कापसाचा गोळा ५ ते ७ दिवस उघडून बघायचा नाही. खाली ग्राफ्ट चिकटत असतो, तुम्ही "जरा बघू" केलं की तो सुटतो. गोळा काढल्यावर जांभळट दिसतो, त्याने घाबरू नका.

आता कपाळ. ओटीत सर्जन टाक्यांच्या दोऱ्याच्या पाकिटाची चांदी कापून जखमेवर दाबून बसवतात, बरोब्बर त्याच आकाराचा साचा होतो. तो साचा कपाळावर केसांच्या रेषेजवळ उलटा ठेवून आखतात आणि तेवढी कातडी उचलून खाली नाकावर वळवतात. ती वेगळी होत नाही, भुवईच्या आतल्या टोकाजवळ एक शीर वर कपाळात जाते, त्या शिरेसकट सेंटिमीटर दीड सेंटिमीटर रुंदीची पट्टी जोडलेलीच राहते. हीच ती सोंड. आंब्याचं भेटकलम बघितलं असेल तर लगेच समजेल, कलमाची फांदी मूळ झाडावरच असते, रोपाला बांधून ठेवतात, जीव धरला की मगच मूळ झाडापासून तोडतात. इथे साधारण ३ आठवडे. डॉक्टरांनी तीन टप्पे सांगितले असतील तर तीन आठवड्यांनी फ्लॅप उचलून पातळ करतात आणि सहाव्या आठवड्याला सोंड कापतात.

बऱ्याचदा जखम लहान असूनही डॉक्टर आणखी चांगली कातडी काढायची म्हणतात. नाकाचे शेंडा, पाठ, नाकपुड्या असे भाग आहेत, एखाद्या भागाचा अर्ध्याहून जास्त तुकडा गेला तर अख्खा भाग बदलला की शिवण सावलीच्या रेषेत लपते, ठिगळ दिसत नाही. यात फसवणूक काही नाही.

तपासा: सही करायच्या आधी आरशासमोर उभं राहून डॉक्टरांना चेहऱ्यावर बोटाने दाखवायला सांगा, पूल कुठून येणार, व्रण कुठे राहणार. पेशंटने बघितलंच पाहिजे, नुसत्या मुलाने नाही.

५. पहिले दोन दिवस

सोंडेची मागची बाजू कच्ची असते, तिथून पहिले २४ ते ४८ तास रक्त झिरपतं. उशीला डाग, डोळ्याच्या कोपऱ्यात थेंब, हे चालतं. त्यावर व्हॅसलीनचं गॉज गुंडाळलेलं असतं, ते ओढून काढायचं नाही, घट्ट आवळायचं तर त्याहून नाही. धार लागली किंवा गॉज मिनिटामिनिटाला भिजतंय असं झालं तर लगेच सिस्टरला बोलवा.

डोकं वर, पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंश. डोळे सुजतात, कधी पूर्ण मिटतात, दोन-तीन दिवसांत उतरतं.

डिस्चार्जच्या आधी रंग बघायला शिकून घ्या, वॉर्डातल्या सिस्टरसमोर एकदा करून दाखवा. फ्लॅपच्या मध्यावर बोटाने हलकं दाबायचं, सोडायचं, दोन-तीन सेकंदांत रंग परत भरला पाहिजे. पांढरट, थंड, रंग परत येतच नाही म्हणजे रक्त पोचत नाहीये. जांभळा, फुगलेला, ताणलेला, आणि रंग दाबून सोडताक्षणी झपकन परत येतो म्हणजे रक्त साचतंय, बाहेर जात नाहीये. सावळ्या कातडीत रंगातला फरक कळत नाही पटकन, म्हणून दिवसातून दोनदा, त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून फोटो काढा आणि कालच्याशी ताडून बघा. कडेला थोडी निळसर झाक असू शकते. ती पसरायला लागली तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता पण फोन करायचा.

थांबा: बर्फ लावायचा नाही. सूज आहे म्हणून बर्फ ठेवणारे दर वर्षी येतात, थंडीने त्याच रक्तवाहिन्या आकसतात.

६. घरचे तीन आठवडे

रोजची साफसफाई या क्रमाने करा. हात साबणाने धुवा. नॉर्मल सलाईनने कापूसकांडी ओली करून टाक्यांवर फिरवा, घासायची नाही, लाटण्यासारखी लोळवायची. खपली सुटत नसेल तर पाच मिनिटं ओलं गॉज ठेवा, तरी नाही सुटली तर उद्या. मग सांगितलेल्या मलमाचा पातळ थर. मग सोंडेभोवती नवीन व्हॅसलीन गॉज, सैल. शेवटी नाकाच्या आत सलाईनचे थेंब. नाकातली खपली नखाने काढायची नाही.

टाके ५ ते ७ दिवसांत निघतात. हळद, खोबरेल, तूप, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड काही नको. हळदीवर राग नाही माझा, पण पिवळ्या लेपाखाली रंग दिसत नाही आणि आपल्याला तर रंगच बघायचाय.

नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. वाकून देवपूजा, वाकून नमस्कार, बादली उचलणं बंद. पालथं झोपायचं नाही. नातवंडांना कडेवर घेऊ नका, त्यांचा हात पहिला सोंडेवरच जातो. टिकली, गंध, हेल्मेट नको.

कपाळावर वरच्या बाजूला, केसांजवळ, कधी कधी उघडा खड्डा ठेवलेला असतो, सगळं शिवायला गेलं तर ताण येतो म्हणून. "डॉक्टर शिवायला विसरले" असे फोन आम्हाला नेहमी येतात. विसरलेले नाहीत. ओलसर ड्रेसिंगखाली तो चार-सहा आठवड्यांत आपला आपण भरतो आणि व्रण बऱ्यापैकी चांगला येतो. कोरडा पाडून खपली धरू देऊ नका, एवढंच.

मनाचंही सांगते. पहिल्यांदा आरसा एकट्याने बघू देऊ नका आणि आरसे झाकूनही ठेवू नका. एक आजी सुरुवातीला सुनेच्या पाठीआड उभ्या राहून बोलायच्या, पदर तोंडावर. मी त्यांना सोंडेला हात लावायला लावला, ऊब लागते का विचारलं. लागते म्हणाल्या. मग रोज ड्रेसिंगला स्वतःच बोट लावून बघायच्या, आज गरम आहे का म्हणून.

७. सोंड कापणं

हे छोटं ऑपरेशन, बरेचदा जागा बधिर करून होतं आणि त्याच दिवशी घरी. सोंड कापतात, भुवईकडचा थोडा भाग परत जागेवर बसवतात म्हणजे दोन्ही भुवया सारख्या अंतरावर येतात, नाकाकडचा भाग पातळ करून शिवतात. तारीख स्वतः अलीकडे ओढू नका. लग्न, वारी, मुलाचं विमान असं काही असेल तर पहिल्या ऑपरेशनची तारीख घेतानाच सांगा, तेव्हा मागेपुढे करता येतं.

तपासा: कापण्याच्या दिवशी आधीचा पक्का पॅथॉलॉजी रिपोर्ट फाइलमध्ये आहे ना? नसेल तर मागा.

८. पुढचं वर्ष

नाक लगेच सुरेख दिसत नाही. सूज महिनोन्महिने उतरत राहते, मध्ये उशीसारखं फुगीर दिसतं. जखमा पूर्ण मिटल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, बोटाने गोल गोल मालिश आणि सिलिकॉन जेल, रोज, कंटाळा न करता. फुगवटा राहिला तर स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, शेंड्यावर केस उगवले तर लेझर, आणि बारीक सुधारणा करायची तर काही महिने जाऊ देऊन. दुसऱ्या महिन्यातच दुसऱ्या सर्जनकडे धावू नका.

बायका हळूच विचारतात, नथ कधी घालू? टोचायची नथ डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय नाही, आणि दाबाची नथ त्याहून वाईट, ती नवीन नाकपुडीचं रक्त दाबून अडवते. सण आला तरी नाही.

बाहेर पडताना एसपीएफ ३० किंवा जास्त सनस्क्रीन आणि रुंद कडेची टोपी, शेतावर जाणाऱ्यांनी तर नक्की.

आणि तपासणी सोडू नका. नाक छान झालं की लोक यायचेच बंद होतात. एकदा त्वचेचा कॅन्सर झालेल्याला दुसरीकडे परत होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून निदान सहा महिन्यांनी एकदा अख्खा चेहरा, कान, मान, टाळू दाखवायचं, स्क्वॅमस सेल असेल तर मानेतल्या गाठी पण चाचपून घ्यायच्या, त्यांच्या तारखा जास्त जवळजवळच्या असतात. जाताना पहिल्या दिवसापासूनचे मोबाईलमधले फोटो घेऊन जा, आणि शिवणीच्या कडेला नवीन काळा ठिपका, न भरणारी खपली किंवा मुंग्या येणं असं काही असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात या.